वनौषधींच्या अंतरंगातील बिऱ्हाडकरू

काष्ठौषधींच्या पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना हे सांगावयास नको की, मालाची परीक्षा नुसत्या नावावरून होत नाही. तो कोठून आला हे आधी पाहावे लागते. आस्कंद घेताना जुने गिऱ्हाईक ‘नागोरी आहे ना?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. घाटमाथ्यावरचा हिरडा आणि पठारावरचा हिरडा एका पोत्यात मिसळला तर जाणत्या वैद्याच्या कपाळाला आठी पडते. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला जो मान मिळतो तो कुंपणावर पसरलेल्या गुळवेलीला मिळत नाही. वनस्पती तीच, नाव तेच, मग हा भेद कशाचा? माती, पाणी, हवा आणि तोडणीचा हंगाम, असे उत्तर आपले वाडवडील देत आले, आणि ते खोटे नव्हे. परंतु गेल्या तीन-चार दशकांत शास्त्रज्ञांनी ह्या उत्तरात आणखी एका गोष्टीची भर घातली आहे. वनौषधीच्या मुळाच्या, खोडाच्या व पानांच्या आत अतिसूक्ष्म जीवांची वस्ती असते. आणि जो गुण आपण वनस्पतीच्या नावे जमा धरतो, त्यातील काही भाग ह्या बिऱ्हाडकरूंच्या नावे लिहावा लागेल, असे आता दिसू लागले आहे.

व्यापाऱ्याला जमाखर्चाची ही दुरुस्ती क्षुल्लक वाटणार नाही, म्हणूनच स्मरणिकेच्या पानांत ह्या विषयाला जागा मागितली आहे.

वनस्पतीच्या आत राहणाऱ्या ह्या जिवांना शास्त्रीय भाषेत ‘एंडोफाइट’ म्हणतात. हा शब्द १८६६ साली आंतोन द बारी ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने रूढ केला. आपण त्यांना अंतर्वासी म्हणू. त्यांत काही बुरशीच्या जातीचे असतात, काही जंतूंच्या. पिकावर तांबेरा पडतो किंवा मूळ कुजते तेव्हाही बुरशीच कारण असते. परंतु अंतर्वासी जीव घरमालकाला अशी पीडा देत नाहीत, निदान त्यांचा मुक्काम सुखाने चालू असेतोवर तरी नाही. आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत ते आढळले आहेत. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावच्या दगडांत सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष जसेच्या तसे टिकले आहेत. त्यांच्या पेशींतही बुरशीचे धागे दिसतात. तेव्हा हे बिऱ्हाड नवे नव्हे.

भाडे कसे देतात म्हणाल, तर ते बहुधा मालाच्या रूपाने. वनस्पती त्यांना आसरा आणि अन्न देते. त्यांपैकी काही जीव अशी रासायनिक द्रव्ये तयार करतात की, बाहेरून येणारी रोगकारक बुरशी किंवा जंतू त्यांपुढे टिकत नाही. घर राखले तरच बिऱ्हाड राहील, हा सरळ हिशेब आहे. जे द्रव्य झाडावरच्या जंतूला मारते ते माणसाच्या जखमेतील जंतूलाही मारील काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि आजचे सारे संशोधन त्याच प्रश्नाभोवती फिरत आहे.

हा प्रश्न आजच एवढा निकडीचा का झाला, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलिन ओळखले. १९४३ साली अमेरिकेतील वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतील एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयरोगावर पहिले खरे औषध हाती आले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे म्हणजे माती चाळण्याची वर्षे होती. आपल्याकडेही पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला; तेथील संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढले आणि ते देणाऱ्या जिवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफले. पुढे मात्र माती चाळता चाळता तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा हाती येऊ लागली. तिकडे जंतू स्वस्थ बसले नव्हते. औषधाचा मारा चुकविण्याच्या युक्त्या त्यांनी आत्मसात केल्या, आणि आपण तर ती औषधे पडशाखोकल्यालाही वाटीत सुटलो. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गामुळे २०१९ ह्या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. जुनी खाण रिती होत चालली असता नवी खाण शोधणे भाग होते, आणि ती वनस्पतींच्या पोटात असावी ह्या कल्पनेने अनेकांना ओढून घेतले.

ह्या शोधकांत अमेरिकेतील मोंटाना स्टेट विद्यापीठाचे गॅरी स्ट्रोबेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची रीत व्यापाऱ्याला पटण्याजोगी होती. भलत्या रानात भटकून हाती येईल ते झुडूप उपटावयाचे नाही. ज्या वनस्पतीला तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या औषधी मानीत आले आहेत तिच्याकडे आधी जावयाचे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात तेथील आदिवासी एक रानवेल जखमांवर वापरतात. इंग्रजीत तिला सर्पवेल अशा अर्थाचे नाव आहे. तिच्या खोडातून स्ट्रोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांना एक स्ट्रेप्टोमायसीस मिळाला, म्हणजे ज्या गणातून स्ट्रेप्टोमायसिन आले त्याच गणातला जीव, परंतु मातीत नव्हे तर वेलीच्या आत राहणारा. त्यापासून चार द्रव्ये निघाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ही द्रव्ये काळपुळीच्या जंतूवर, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या जंतूवर आणि पू करणाऱ्या हट्टी जंतूंवर काचेच्या बशीत परिणामकारक ठरली. हिवतापाच्या परोपजीवीवरही त्यांचा प्रभाव दिसला. ज्या आदिवासी गृहस्थाने वेलीची ओळख करून दिली त्याच्या नावावरून ह्या द्रव्यांना ‘मुनुंबिसिन’ असे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याच प्रदेशातील दुसऱ्या एका झाडाच्या अंतर्वासी जंतूपासून ‘काकाडुमायसिन’ मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती वेल जखमेवर बांधणाऱ्या लोकांना जंतूंची कल्पना नव्हती. परंतु वेल गुणकारी आहे हा त्यांचा अनुभव पक्का होता. त्या गुणाचा धनी वेल की तिच्यातला जीव, हा वाद पुढचा. अनुभवाने पटलेली गोष्ट शास्त्राने नाकारावी असे नाही, आणि शास्त्राने तिचे कारण निराळे सांगितले म्हणून अनुभव खोटा ठरतो असेही नाही.

मसाल्याच्या व्यापाऱ्यांना ह्याहूनही अधिक कुतूहल वाटावे अशी हकीकत दालचिनीची आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात लावलेल्या दालचिनीच्या एका झाडाच्या बारीक फांदीतून स्ट्रोबेल यांनी अनेक अंतर्वासी बुरशा वेगळ्या केल्या. अशा कामात सूक्ष्म किडे एका बशीतून दुसऱ्या बशीत शिरून घोटाळा करतात, म्हणून साऱ्या बशा एका मोठ्या बंद पेटीत ठेवण्यात आल्या. काही दिवसांनी पेटी उघडून पाहतात तो एक बुरशी सोडून बाकीच्या सर्व मेलेल्या! बशा एकमेकींना लागलेल्या नव्हत्या. तेव्हा मारणारे जे काही होते ते हवेतून गेले असले पाहिजे, हे उघड झाले. त्या बुरशीला ‘मस्कोडोर अल्बस’ असे नाव देण्यात आले आणि २००१ साली तिचे गुपित प्रसिद्ध झाले. ती निदान २८ निरनिराळी बाष्पे हवेत सोडते. त्यांतील एक तर पिकल्या केळ्याच्या वासाचे आहे. गंमत अशी की, ही बाष्पे कृत्रिम रीतीने तयार करून एकेका वर्गाची स्वतंत्र परीक्षा घेतली तेव्हा त्यांनी जंतूंची व बुरशीची वाढ थोडीफार रोखली, पण प्राण कोणीच घेतला नाही. सर्व एकत्र आली तेव्हाच ती मारक ठरली. आपल्या वैद्यांनी काढ्यात दहा-वीस द्रव्ये एकत्र का घातली, ह्याचे हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एकेका घटकाची परीक्षा घेऊन सारा योग निकामी ठरविण्याची घाई करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

ह्या शोधाचा व्यवहारात उपयोग करण्याचे प्रयत्नही झाले. धान्याला, फळांना व जमिनीला धुरी देण्यासाठी पूर्वी मिथिल ब्रोमाइड हा विषारी वायू सर्रास वापरीत. आकाशातील ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याचा बहुतेक वापर बंद करण्यात आला. बाहेरदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या कीडबंदोबस्तासारखे काही अपवाद तेवढे राहिले. त्याच्या जागी ह्या बुरशीची धुरी चालेल काय, ह्याची अमेरिकेत कसून चाचणी झाली. गोदामात माल ठेवणाऱ्या प्रत्येकाने नजर ठेवावी असा हा विषय आहे. ह्याच कुळातील एक नवी बुरशी २०१३ साली आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, वायनाडच्या अभयारण्यातील बेलाच्या झाडात आपल्याच देशातील संशोधकांना सापडली. दालचिनी होंडुरासची आणि बेल वायनाडचा. बिऱ्हाडकरू मात्र एकाच घराण्याचे!

कडुनिंबाची गोष्ट तर घरचीच. पाडव्याला ज्याचा कोवळा पाला आपण तोंडात घालतो त्या कडुनिंबाच्या मुळांत राहणाऱ्या एका बुरशीपासून काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत ‘जावानिसिन’ नावाचे द्रव्य मिळविले. तो निबंध २००९ सालचा आहे. माणसाला व पिकांनाही उपद्रव देणाऱ्या स्युडोमोनास ह्या चिवट जंतूंवर त्याचा जोरदार परिणाम दिसला. मात्र हे द्रव्य अगदी नवे नव्हे. दुसऱ्या एका बुरशीत ते १९४० च्या दशकातच आढळले होते. मातीच्या बाबतीत जो अनुभव आला तोच येथेही येऊ शकतो, हे ह्यावरून दिसते. खाण नवी असली तरी प्रत्येक घणाखाली नवे रत्नच निघेल असा भरवसा नाही.

हे जीव शोधतात कसे, हे सांगितल्याविना सर्व हकीकत कल्पित वाटेल. रीत फार अवघड नाही, पण दक्षतेची आहे. ताजे मूळ किंवा फांदी आणून ती वाहत्या पाण्याखाली धुतात. मग काही काळ मद्यार्कात, त्यानंतर कपडे पांढरे करण्याच्या द्रवासारख्या द्रावणात बुडवितात, म्हणजे सालीवर बसलेले बाहेरचे जीव मरतात. नंतर निर्जंतुक पाण्याने पुन्हा धुवून, साल काढून, आतल्या गाभ्याचे बारीक तुकडे पोषक द्रव्याच्या बशीत ठेवतात. काही दिवसांनी तुकड्याच्या कडेने पांढुरके धागे किंवा जंतूंचे ठिपके उमटतात. खरा प्रामाणिकपणा पुढे आहे: शेवटच्या धुवणाचे पाणीही दुसऱ्या बशीत टाकून पाहतात. त्यात काही उगवले तर बाहेरची घाण पुरती गेली नव्हती असे ठरते आणि सारा प्रयोग रद्द करावा लागतो. तराजूत माल टाकण्यापूर्वी रिकामी पारडी तोलून पाहावी, तसाच हा प्रकार. त्यानंतर त्या जिवाचा अर्क कागदाच्या चकतीवर घेऊन रोगजंतू पेरलेल्या बशीत ठेवावयाचा. चकतीभोवती जंतू न उगवलेले मोकळे वर्तुळ दिसले की अर्कात काही दम आहे असे समजावे.

आपल्या समाजातील वाचकांच्या मनात येथवर वाचताना एक विचार आल्याशिवाय राहिला नसेल. वनस्पतीच्या आश्रयाने असंख्य सूक्ष्म जीव राहतात ही गोष्ट जैन शास्त्राच्या अभ्यासकाला विलक्षण वाटत नाही. प्रत्येक वनस्पतीचे सप्रतिष्ठित व अप्रतिष्ठित असे जे दोन भेद आपल्याकडे सांगितले जातात, त्यांत सप्रतिष्ठित म्हणजे जिच्या आश्रयाने निगोद जीव राहतात ती. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारातील जीवकांडात ह्या भेदांचा विचार आहे आणि कंदमुळांच्या त्यागामागेही हीच दृष्टी आहे. म्हणून काही उत्साही वक्ते व्यासपीठावरून ‘आजचे शास्त्र जे सांगते ते आमच्याकडे आधीच होते’ असे ठासून सांगतात. मला हा उतावळेपणा वाटतो. शास्त्रातील निगोदाचे लक्षण निराळे आहे. तेथे एका शरीरात अनंत जीव सांगितले आहेत आणि तो विचार आत्म्याच्या गतीचा आहे. प्रयोगशाळेतील बुरशी डोळ्याला भिंगातून दिसते, मोजता येते, तिचा अर्क काढता येतो. दोन्ही एकच, असे म्हणण्याने ना आगमाचा मान वाढतो, ना प्रयोगाचा. एवढे मात्र खरे की, हिरव्या पानाकडे पाहताना ते एकटे नाही, त्याच्या आधाराने आणखी जीवन आहे, ही जाणीव ज्या समाजाने बाळगली त्याला ह्या संशोधनाची भाषा परकी वाटू नये.

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जंतूंना मारणाऱ्या औषधाचे कौतुक आपण कोणत्या तोंडाने करावे? ह्यावर आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी जी वाट दाखविली आहे ती व्यवहार जाणणारी आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार करून गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि बाकीच्या तिन्हींत शक्य तितका विवेक पाळावा, असे अणुव्रताचे स्वरूप आहे. आजाऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी घेतलेले औषध संकल्पी हिंसेत मोडत नाही. आणि औषधदान तर आपल्या चार दानांपैकी एक आहे. मात्र त्या विवेकाचा अर्थ असाही होतो की, गरज नसताना जंतुनाशक औषध गिळणे हे केवळ आरोग्याच्या दृष्टीने चुकीचे नाही.

आता ज्या प्रश्नावर ह्या शास्त्रातील मोठा वाद झाला त्याकडे वळले पाहिजे: गुणाचा धनी कोण? ह्यासाठी जंतुनाशकांचे क्षेत्र क्षणभर सोडून कर्करोगाच्या औषधाची हकीकत पाहावी लागेल, कारण हा वाद तेथेच पुरता लढला गेला आणि त्याच्याशी आपल्या खानदेशचे एक नाव निगडित आहे. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत मनरो वॉल यांच्याबरोबर काम करीत. ह्या जोडीने यू नावाच्या झाडाच्या सालीतील टॅक्सॉल ह्या द्रव्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. पुढे १९९२ साली ते कर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. पण झाड संथपणे वाढणारे, सालीत द्रव्य अत्यल्प. साल काढली की झाड मेले. अशा वेळी १९९३ साली स्ट्रोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की, यू झाडाच्या आत राहणारी एक बुरशीही टॅक्सॉल तयार करते. केवढी खळबळ उडाली असेल! झाड न तोडता हंड्यात औषध पिकेल, अशी आशा उत्पन्न झाली. पुढे शेकडो निबंध निघाले. परंतु हंड्यात पीक काही वाढेना. अखेर २०१३ साली जर्मनीतील संशोधकांनी त्या मूळ बुरशीसकट अनेक अंतर्वासी बुरशांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा टॅक्सॉल स्वतंत्रपणे तयार करण्याची सामग्री त्यांना त्यांत आढळली नाही.

ह्यावरून हे सारेच मृगजळ होते असे कोणी म्हणेल तर त्याला दुसरे उदाहरण दाखविता येते. इथिओपियातील एका झुडपात १९७२ साली मेटान्सिन नावाचे जहाल द्रव्य सापडले. त्याची रासायनिक ठेवण पाहून जाणकारांना शंका आली, कारण क्षयावरील रिफाम्पिसिन ज्या कुळातले, त्याच कुळातले हे द्रव्य. आणि त्या कुळाची मंडळी जंतूंपासून मिळत होती, झाडांपासून नव्हे. २०१४ साली जर्मनीतील डॉर्टमुंडच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतील त्याच्या नात्यातल्या झुडपांच्या बाबतीत दाखवून दिले की, हे द्रव्य मुळांत राहणारे जंतू तयार करतात. म्हणजे एका दाव्यात बिऱ्हाडकरूचे नाव खोटे ठरले व दुसऱ्यात घरमालकाचे. प्रत्येक वनस्पतीचा खटला स्वतंत्रपणेच चालवावा लागतो.

बेळगाव, खानापूर, चंदगड आणि गोवा ह्या भागातील वाचकांना ह्या खटल्याचे महत्त्व नरक्याच्या उदाहरणावरून अधिक पटेल. वॉल व वाणी ह्याच जोडीने १९६६ साली चीनमधील एका झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य काढले होते. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या ह्या दुर्गंधी झाडात असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले. तेव्हापासून नरक्याला भाव आला आणि भावाबरोबर कुऱ्हाडही आली. कित्येक जंगलांतून त्याची मोठी झाडे नाहीशी झाली आहेत. ही तोड करविणाऱ्यांत व्यापारी होते हे नाकारण्यात अर्थ नाही. २००५ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने नरक्यातील एका अंतर्वासी बुरशीकडून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे प्रसिद्ध केले तेव्हा झाड वाचण्याची आशा वाटली. परंतु चिनी झाडातील अशाच एका बुरशीवर पुढे प्रयोग झाले, त्यांत असे दिसले की, झाडातून बाहेर काढलेली बुरशी पहिल्या पिढीत द्रव्य देते आणि सातव्या पिढीपर्यंत तिचे उत्पादन फार घटते. घर सुटले की तिचा उद्योगही मंदावतो. कारण त्या द्रव्याच्या तयारीतील एक कामगिरी झाडच पार पाडीत असते असे आढळले. तेव्हा हंड्यातील औषधाच्या आशेवर उरलेला नरक्या तोडून टाकणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार होय. झाड गेले की त्याच्याबरोबर बिऱ्हाडकरूही जातो, आणि तो पुन्हा कोठे शोधावा हे कोणालाच ठाऊक नसते.

जंतुनाशक द्रव्यांच्या बाबतीतही आशेला लगाम घातला पाहिजे. मुनुंबिसिन, काकाडुमायसिन, जावानिसिन यांपैकी एकही अद्याप औषधांच्या दुकानात आलेले नाही. बशीतील मोकळे वर्तुळ ही पहिली पायरी. जंतूला मारणारे द्रव्य रुग्णाच्या यकृताला व मूत्रपिंडाला मारीत नाही ना, रक्तात ते टिकते काय, हंड्यात पुरेशा प्रमाणात निघते काय, ह्या कसोट्यांत बहुतेक उमेदवार गळतात. जे उरतात त्यांनाही बाजारात येण्यास दहा-दहा वर्षे लागतात. म्हणून ‘अंतर्वासी जंतूंचा अर्क’ म्हणून कोणी बाटली विकू लागला तर ती आपल्या पेढीवर ठेवू नये, हे बरे.

आणखी एक गैरसमज आताच खोडून काढावा. औषधी वनस्पतीत बुरशी असणे चांगले, असा ह्या सर्वांचा अर्थ काढून कोणी ओल लागलेल्या मालाचे समर्थन करू नये. जिवंत झाडाच्या आतला बिऱ्हाडकरू वेगळा आणि गोदामातल्या दमट पोत्यावर चढणारा चोर वेगळा. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, त्याचे कारण बुरसटलेल्या भुईमूग पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे विष होते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसांना काविळीचा विकार जडला व शंभरावर दगावली. मुळी असो, शेंगदाणा असो वा मका, माल खडखडीत वाळवून कोरड्या जागी ठेवणे ही जुनी शिस्त ह्या नव्या शास्त्राने रतिभरही सैल केलेली नाही.

व्यापाऱ्याचा ह्या संशोधनाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो नमुने पुरविण्याच्या वेळी. संशोधकाला वाळलेली, दोन वर्षे पोत्यात पडलेली मुळी बहुधा उपयोगी पडत नाही. त्याला ताजा नमुना हवा असतो, आणि त्याबरोबर गाव, जंगल, महिना, झाडाचे साधारण वय व आसपासची झाडे ही माहिती हवी असते. आपल्या जुन्या चोपड्यांत आडत्याचे नाव व गाव लिहिण्याची पद्धत आहे. त्याच नोंदीत आणखी एक रकाना वाढविला की काम झाले. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह जपला जातो; चंदिगढ येथेही सूक्ष्म जीवांचा मोठा संग्रह आहे. अशा ठिकाणी विचारपूस करणाऱ्याला कोणी परत पाठवीत नाहीत.

कायद्याची एक बाब मात्र प्रत्येक सभासदाने ध्यानी ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ‘जैविक संसाधन’ ह्या शब्दात वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्म जीवांचाही समावेश आहे. व्यापारी माल म्हणून अधिसूचित झालेल्या वस्तूंना, त्या माल म्हणून विकल्या जातात तोवर, सूट आहे. परंतु तीच मुळी कोणा परदेशी संस्थेला संशोधनासाठी पाठवावयाची असेल तर ती केवळ माल राहत नाही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी त्यासाठी लागते. पाकिटात गेलेल्या चार मुळ्यांबरोबर त्यांच्या पोटातील बिऱ्हाडकरूही परदेशी जातो, आणि उद्या त्याच्यापासून औषध निघाले तर त्या रानातील लोकांचा त्यावरील हक्क कागदावर आहे की नाही, हे त्या एका परवानगीवरून ठरणार असते. औषधविक्रेत्या बांधवांसाठीही अशीच एक नोंद आहे: मार्च २०१४ पासून अनेक प्रभावी प्रतिजैविके ‘एच-१’ परिशिष्टात आहेत; ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि विक्रीची स्वतंत्र वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.